तांबी बसली का?

नवरात्र जवळ आलं की आमच्या कॉलेजला स्त्रीशक्तीची आठवण होते. वर्षभर बायकांच्या बाथरूमची कडी दुरुस्त होत नाही, पण नवरात्रात नऊ व्याख्यानं मात्र होतातच, आणि त्यातलं एक मराठी विभागाच्या गळ्यात पडतं. मराठी विभाग म्हणजे मी एकटी. त्या वर्षी प्राचार्यांनी बोलावून विषय सांगितला, ‘साहित्य आणि इतिहासातील स्त्रीचे शोषण व मातृत्वविषयक स्वातंत्र्य’. एवढं एका दमात म्हणताना त्यांनाच धाप लागली. वर म्हणाले, “जरा हलकंफुलकं ठेवा मॅडम, सणाचे दिवस आहेत.” शोषण हलकंफुलकं कसं ठेवतात हे मला आजतागायत कळलेलं नाही, पण नाही म्हणायची सोय नव्हती. शनिवारी दुपारी पिशवीत पुस्तकं कोंबली आणि एसटीनं सासरी निघाले.

सासर म्हणजे जाफराबादच्या पुढचं एक खेडं. आम्ही दोघं जालन्यात. नवरा एमआयडीसीतल्या एका बियाण्याच्या कंपनीत, मी कॉलेजात. गावाकडं सासू-सासरे, धाकटा दीर, त्याची बायको आणि त्यांच्या दोन मुली. आमचीही एकच मुलगी. पण मी पडले नोकरीवाली, शहरात राहणारी आणि तोंडानं फटकळ, त्यामुळं माझ्या वाटेला सहसा कुणी जात नाही. नातवाची सगळी मागणी धाकटीकडं वळवलेली होती.

तिचं दुसरं बाळंतपण मी जवळून पाहिलंय. जाफराबादहून तिला जालन्याला हलवलं तेव्हा तिचे ओठ पांढरेफटक पडले होते. माझ्या नवऱ्यानं आणि त्याच्या कंपनीतल्या दोघा-तिघांनी रक्त दिलं, तेव्हा कुठं ती वाचली. शुद्धीवर आल्यावर तिनं विचारलं, “काय झालं?” मी सांगितलं, मुलगी. तिनं डोळे मिटून घेतले. मला वाटलं, मुलगी म्हणून वाईट वाटलं असेल. तिला मुलीचं काही वाटलं नव्हतं. आता हे सगळं पुन्हा एकदा करावं लागणार, या भीतीनं तिचे डोळे मिटले होते. हे तिनं मला फार नंतर सांगितलं.

तर त्या शनिवारी संध्याकाळी मी पडवीत पुस्तकं पसरून बसले. व्रतांच्या कहाण्या, एक-दोन बखरी, बायकांच्या जुन्या गाण्यांचे संग्रह. वाचता वाचता माझा पारा चढायला लागला. जो उठतो तो राजा निपुत्रिक. मग कुणी साधू येतो, फळ देतो, राजा ते आणतो आणि राणीनं खायचं. तिला त्या दिवशी भूक होती का, हेही कुणी विचारत नाही. बखरीत तर आणखी मजा. अमक्याचे पोटी तमका, तमक्याचे पोटी फलाणा; पोट बाईचं, आणि नाव चाललंय बाप्यांचं. त्यातल्या त्यात बरी म्हणजे डोहाळ्यांची गाणी. गर्भारशीला काय खावंसं वाटतं, कुठं बसावंसं वाटतं, कुठल्या रंगाची साडी नेसावीशी वाटते, सगळं विचारून झालंय. पण तुला दिवस जावेत असं वाटतंय का, एवढा एक प्रश्न विचारणारं गाणं मला सापडलं नाही. मी ते वहीत ठळक लिहून घेतलं.

सासूबाई देवघर सारवून आल्या आणि माझ्यासमोर पोथीसारखी पुस्तकं बघून त्यांचा चेहरा उजळला. आम्ही सुना त्यांना आत्याबाई म्हणतो.

“पोथी वाचू राह्यली का? मोठ्यानं वाच, मलाबी पुण्य लागंल.”

मी एक फळाची कहाणी वाचून दाखवली. त्या हात जोडून ऐकत होत्या. धाकटी जाऊ बाजूला शेंगा फोडत होती. कहाणी संपल्यावर ती म्हणाली, “फळ मिळालं राजाला, अन् खायची पाळी राणीवर.”

“गप गं,” आत्याबाई म्हणाल्या, “देवाच्या गोष्टीला नावं ठेवू नाही.” पण त्यांच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. मला वाटलं, पान चघळत असतील.

तेवढ्यात सासरे शेतातून आले. विषय काय म्हणून त्यांनी विचारलं, मी थोडक्यात सांगितला. सासऱ्यांना इतिहास म्हटलं की आणीबाणी आठवते. नसबंदीची जीप गावात आली रे आली की सगळे बापे कसे रानात पळायचे, ते त्यांनी पुन्हा एकदा रंगवून सांगितलं. ते स्वतः दिवसभर कडब्याच्या गंजीत लपून बसले होते म्हणे. मी विचारलं, “मामंजी, पण तेव्हा तुमचं लग्न तरी झालं होतं का?”

“न्हाई ना! पण भ्यावंच लागतं. त्यायला काय, कुनालाबी उचलायचे.”

“अन् मंग पुढं कुनी केलं आपरेशन?” आत्याबाईंनी मधेच विचारलं.

“पुढं काय, बायका करत्यात की,” सासरे म्हणाले आणि पाय धुवायला गेले. पुरुष गंजीत आणि बायका टेबलावर, असा हा आमच्या घरचा कुटुंबनियोजनाचा इतिहास.

दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊ मला शेडनेटमध्ये घेऊन गेली. आमच्याकडं बऱ्याच जणांनी अशा जाळीच्या शेड उभ्या केल्यात आणि त्यात मिरचीचं बियाणं घेतात. हे काम बायकांचं. कळी उमलायच्या आत चिमट्यानं तिच्यातला नराचा भाग काढून टाकायचा, मग ठरलेल्या झाडाचे पराग आणून लावायचे आणि खूण म्हणून दोरा बांधायचा. याला सगळ्या क्रॉसिंग म्हणतात आणि नर-मादी हे शब्द दिवसभर बिनधास्त वापरतात. घरी यातला एक शब्द कुणी तोंडातून काढणार नाही. जाऊ मला शिकवत होती, “ताई, ह्यो नर. ह्याला असा हळूच काढायचा. मादीला धक्का लागू द्यायचा न्हाई.” मागच्या ओळीतून एक बाई म्हणाली, “घरच्याबी नराला असं चिमट्यानं बाहेर ठेवता आलं असतं तर लई बरं झालं असतं बाई.” अख्खी शेड खिदळली. मीसुद्धा हसले, आणि या व्याख्यानाला मी कशाला, हिलाच पाठवावं असं मनात आलं.

हसणं थांबल्यावर जाऊ माझ्याकडं न बघता म्हणाली, “ताई, मला तांबी बसवायचीय.”

तांबी म्हणजे कॉपर-टी. तांब्याची तार गुंडाळलेली ती एवढीशी वस्तू. सरकारनं तिला मराठी नाव दिलं तांबी, आणि ते ज्या कुणाला सुचलं त्याला माझा नमस्कार. सरकारी मराठी म्हटलं की अंगावर काटा येतो, पण हा एक शब्द असा घरगुती आहे की वाटावं, रोज घासूनपुसून फळीवर ठेवायची एखादी वस्तू आहे.

“मग बसव की,” मी म्हणाले. “भाऊजी काय म्हणतात?”

“ते म्हनत्यात, माय हो म्हनली तर कर.”

“आणि आत्याबाई?”

“त्यायला कोन विचारनार? नातू पाह्यजे म्हनून तर भावकी येऊन बसती त्यांच्यापाशी. अन् येक डाव त्या न्हाई म्हनल्या की झालं, खतम.” तिनं एका कळीला दोरा बांधला. “मला आपरेशन नको ताई. कायमचं बंद न्हाई करायचं. उद्या मलाच वाटलं तर? पन आत्ता नको. आत्ता मला भ्या वाटतं. परत तसं झालं तर ह्या दोघी कुनाकडं बघतील?”

मला एकदम राग आला. कुणाचा, ते सांगता येणार नाही, सगळ्यांचाच. घरातल्या कुणालाही न विचारता मी हिला उद्याच जालन्याला घेऊन जाते, असं मी तिथंच ठरवलं. गावात किंवा जाफराबादला जायची सोय नव्हती. तिथं दवाखान्याच्या दारात ओळखीचं कुणी ना कुणी भेटणारच, आणि ती घरी पोचायच्या आत बातमी पोचणार.

संध्याकाळी चुलीपुढं आमची खलबतं चालली होती. जालन्याला जायला निमित्त काय सांगायचं? मी म्हणाले, दाढ दुखते म्हणून सांग. ती म्हणाली, दाढ दुखती म्हटलं तर त्या लवंग देतील. कुजबुज जरा वाढली असावी, कारण अचानक दारात आत्याबाई उभ्या.

“काय बसवायचं म्हनू राह्यल्या?”

चुलीवरचं दूध वर यायला लागलं होतं, त्याच्याकडंही कुणी पाहिलं नाही. शेवटी जाऊनं खाली मान घालून सांगून टाकलं, “तांबी.”

आता बिंग फुटणार, म्हणून मी भांडायची तयारी केली. आत्याबाईंनी आधी दूध उतरवलं. मग आमच्याकडं आळीपाळीनं पाहिलं.

“तांबी? देवापुढं का?”

घट बसायला चार दिवस उरले होते, हे इथं सांगायला पाहिजे. आमच्याकडं नवरात्रात घट बसतात आणि दसऱ्याला उठतात. कुणी नवस म्हणून तांब्याही बसवतं. तेव्हा तांबी बसवायची म्हणजे देव्हाऱ्यात तांब्याचं भांडं ठेवायचं, असं त्यांना वाटणं अगदी साहजिक होतं. मी संधी सोडली नाही.

“हो, देवापुढंच! हिनं नवस बोललाय.”

“बराबर,” आत्याबाई म्हणाल्या. “कशासाठी बोलली, ते सांगू नाही. सांगितलं की फळत न्हाई. मंग जालन्याला काहून जाता?”

“ती... तिथं सिद्ध करून आणावी लागते,” मी ठोकून दिलं. मराठीत एम.ए. करून हा शब्द कधीतरी कामाला येईल, असं वाटलं नव्हतं.

आत्याबाई आत गेल्या. ट्रंक उघडल्याचा आवाज आला. बाहेर आल्या तेव्हा हातात एक लहानशी तांब्याची लोटी होती. ती त्यांनी चिंचेनं घासली, लख्ख केली, गळ्याला नाडा बांधला आणि जाऊच्या ओटीत घातली. “सकाळच्या गाडीनं जा अन् जल्दी या. पोरींचं मी बघते. आन येताना मागच्या सीटवर बसू नको, धक्के लागतात.”

रात्री आम्ही दोघी तोंडात पदर कोंबून हसलो. म्हातारी किती भोळी आहे, असं मी म्हणाले. जाऊला मात्र थोडं वाईट वाटत होतं, देवाच्या नावावर आपण त्यांना फसवतो आहोत म्हणून. मी तिला म्हणाले, देवाची काळजी तू करू नको, त्याच्या नावावर आजवर याहून मोठमोठ्या गोष्टी खपल्यात.

जालन्याच्या सरकारी दवाखान्यात बरीच गर्दी होती. आमची पाळी आली तेव्हा सिस्टरनं जाऊला बाकावर बसवून विचारलं, “मिस्टर कुठायत? सासूला सांगितलंय का?” मी तोंड उघडणार तेवढ्यात आतून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “सिस्टर, सासूला बसवायची आहे का? नाही ना? मग तिला कशाला विचारता?” मग जाऊकडं बघून म्हणाल्या, “तुझं हो आहे का?”

जाऊ गोंधळली. हो म्हणायला नव्हे. तिला हा प्रश्न आजवर कुणी थेट विचारला नव्हता, म्हणून. तिनं आधी माझ्याकडं पाहिलं. मी मुद्दाम भिंतीवरच्या पोस्टरकडं बघत राहिले. मग तिचा आवाज आला, “हो. माझं हो हाये.”

ती आत जायला उठली आणि तिच्या पिशवीतली लोटी ठणकन फरशीवर पडली. गडगडत थेट सिस्टरच्या पायाशी. “हे काय?” सिस्टरनं विचारलं.

“तांबी,” जाऊ म्हणाली. काय सांगायचं ते आमचं पाठ झालं होतं, त्यामुळं तिच्या तोंडून तेच निघालं.

सिस्टर आधी लोटीकडं बघत राहिली, मग तिच्याकडं. “अगं बाई, एवढी मोठी नसते!” त्यावर बाकावरच्या बायकांची हसून हसून मुरकुंडी वळली. डॉक्टरीणबाईंनीही चष्मा काढून डोळे पुसले. आतलं काम काही मिनिटांत आटोपलं. बाहेर आल्यावर जाऊ म्हणाली, थोडं कळ मारल्यासारखं झालं, पण बरं वाटतंय. आम्ही स्टँडवर उसाचा रस प्यालो. तिनं दोन ग्लास घेतले, एवढं मला पक्कं आठवतंय, कारण त्या दिवसापर्यंत तिनं स्वतःहून दुसऱ्यांदा काही मागितलेलं मी पाहिलं नव्हतं.

घरी पोचलो तर आत्याबाई दारातच. “बसली का तांबी बराबर?”

“बसली,” आम्ही दोघी एका सुरात.

त्यांनी लोटी घेतली, मूठभर तांदळावर देव्हाऱ्यात ठेवली, पाणी भरलं, हळदकुंकू वाहिलं. मग जाऊला फर्मान सोडलं, “आता चार दिवस जड उचलायचं न्हाई. पान्याचा हंडा न्हाई का भाऱ्याला हात न्हाई. नेम हाये.” मी मनात म्हणाले, काय एकेक नेम असतात यांचे. पण आयती विश्रांती मिळते आहे तर कशाला बोला!

माझं व्याख्यान झालं. डोहाळ्यांच्या गाण्याचा मुद्दा मांडला तेव्हा मुली ताठ बसल्या आणि प्राचार्यांनी घड्याळात पाहिलं. शेवटी एका सहकाऱ्यानं उठून विचारलं, “म्हणजे मॅडम, मातृत्व नकोच म्हणता का तुम्ही?” मी म्हणाले, “सर, जेवायला वाढू का, असं विचारणं म्हणजे उपाशी ठेवणं नव्हे.” टाळ्या पडल्या. नंतर स्टाफरूममध्ये ते माझ्याशी महिनाभर बोलले नाहीत, ते सुखाचे दिवस होते.

दसऱ्याला घट उठले. तांबी उठली नाही. दिवाळीला मी गावी गेले तेव्हा चुलतसासूबाई येऊन बसल्या होत्या. भावकीत त्यांच्या शब्दाला वजन, आणि त्यांना चार नातू. त्यांनी जाऊला वरून खाली न्याहाळून सुरुवात केली, “मंग? काही गोड बातमी?” मी बाह्या सरसावल्या. पण माझ्याआधी आत्याबाई बोलल्या, “तांबी बसवलीय तिनं. उठेपर्यंत नातवाचं नाव काढायचं न्हाई. नाव काढलं की नेम मोडतो.” चुलतसासूबाईंनी जीभ चावली आणि देव्हाऱ्याला हात जोडले. नेम मोडल्याचं पाप कोण अंगावर घेणार? पुढं संक्रांतीच्या हळदीकुंकवाला कुणी म्हातारी जाऊला ‘अष्टपुत्रा सौभाग्यवती’ म्हणायला लागली, तर आत्याबाईंनी तिचा हात धरला. “आठ नको बाई, नेम हाये. नुसतं सौभाग्यवती म्हन.” मला त्यांच्या श्रद्धेचं कौतुक वाटायचं आणि हसूही यायचं. एका लोटीनं अख्खी गल्ली गप्प बसवली होती.

असे दिवस जात राहिले. जाऊ अंगानं भरली, गालांवर रंग आला. थोरली शाळेत जायला लागली, धाकटी बोबडं बोलायला लागली. शेडनेटमध्ये जाऊ आता बायकांना काम वाटून द्यायची आणि तिचा आवाज बांधावरून ऐकू यायचा.

मागच्या दिवाळीची गोष्ट. दुपारी जेवायला बसलो होतो. सासरे शेताकडं गेलेले, मुली अंगणात टिकल्या फोडत होत्या. आत्याबाई भाकरी थापत होत्या, जाऊ वाढत होती. दीर नुकताच एका लग्नाहून आला होता आणि त्याचं तोंड उतरलेलं होतं. तिथं कुणीतरी सगळ्यांसमोर त्याला टोमणा मारला होता की शेत कुणाच्या नावावर करणार म्हणून. दोन घास खाल्ले आणि तो म्हणाला, “माय, उठव आता ती तांबी. लई दिस झाले.”

जाऊच्या हातातली आमटीची पळी तशीच राहिली. तिनं माझ्याकडं पाहिलं नाही, कुणाकडंच पाहिलं नाही. दिराला खरी तांबी ठाऊक होती, तिनं त्याला तेव्हाच सांगितलं होतं, आणि देव्हाऱ्यात लोटी बसली म्हणजे माय हो म्हणाली, असं तो धरून चालला होता. पण घरात एवढी वर्षं सगळे लोटीबद्दलच बोलत आलो होतो. आत्याबाई आता उठणार, लोटीतलं पाणी तुळशीला घालणार आणि त्या पाण्याबरोबर हिचं सगळं जाणार, असं मला दिसायला लागलं. दीर उद्या तिला दवाखान्यात घेऊन गेला असता आणि माय म्हणाली, असं सांगितलं असतं.

आत्याबाईंनी भाकरी तव्यावर टाकली, कडेनं पाणी फिरवलं.

“कोंती?” त्यांनी विचारलं.

“कोंती म्हंजे?”

“देव्हाऱ्यातली म्हनशील तर आत्ता उठवते. पानी वतलं की झालं. दुसरी तुह्या बायकोच्या अंगात हाये. ती उठवायची का न्हाई, ते तिला इचार. मला काहून इचारतो?”

तव्यावरची भाकरी फुगली, ती त्यांनी निगुतीनं उलटली. मीच शेवटी विचारलं, “आत्याबाई, तुम्हाला माहीत होतं?”

“मला काय येडी समजता का गं? तुमच्या जन्माच्या आधीपासून तांबी माहीत हाये मला. नर्सबाई घरोघर यायची, गल्लीतल्या किती जणींनी बसवलीय. मीबी मपल्या सासूला इचारलं व्हतं. तोंडावर. ती न्हाई म्हनली.” त्यांनी पुढचा गोळा हातात घेतला. “येक डाव न्हाई म्हनलं की मंग रस्ताच न्हाई राहत. त्याच्यानंतर दोन झाले मला. येक राह्यलं न्हाई. मी कशी राह्यले, ते मला ठाव. म्हनून तुम्ही मला इचारायच्या आत मला कमी ऐकू आलं.”

“मग सरळ हो म्हणायचं होतं ना,” मी म्हणाले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते मी चुलीच्या धुरावर ढकललं.

“हो म्हनले असते तर तुमच्या मामंजीनं अन् भावकीनं जीव खाल्ला असता मपला. देवाला कोन बोलतं?”

जाऊ खाली बसली होती. तिनं आत्याबाईंच्या पाठीवर हात ठेवला आणि तो तिथंच राहू दिला. आत्याबाई भाकरी थापत राहिल्या. मला त्या म्हातारीबद्दल एवढी माया कधी वाटली नव्हती.

दीर खाली मान घालून बसला होता. तसा तो वाईट नाही. चारचौघांत बोलणं ऐकून आला होता आणि ते कुठंतरी ठेवून द्यायला त्याला जागा हवी होती. बराच वेळ त्यानं ताटातल्या भाताचा ढीग केला, मोडला, परत केला. मग बायकोकडं बघत, घसा खाकरून म्हणाला, “मंग... काय करायचं?”

“मला इचारू राह्यले का?” जाऊनं विचारलं.

“हो. तुलाच.”

तिनं पळीतली आमटी त्याच्या ताटात वाढली. चटणी वाढली. शांतपणे भाकरीचा चतकोर ठेवला.

“सांगते,” ती म्हणाली.

“कधी?”

“इचार करून सांगते.”

“सांगल ती,” आत्याबाई म्हणाल्या. “तू जेव.”

तो जेवायला लागला. त्याला एक वर्ष होत आलं. ती अजून विचार करते आहे, आणि तो थांबलेला आहे.